आईंच्या दाढेसाठी ‘नॅनो फिलिंग’ घ्यावे का?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. तो थोडक्यात असा आहे: आपण पारोळ्याजवळच्या एका गावात राहता. आईंचे वय ५८ आहे, सात वर्षांपासून मधुमेह आहे आणि पूर्वी त्या बरीच वर्षे मिसरी लावत असत. खालच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा किडल्या आहेत. एकीला वरून, चावण्याच्या बाजूने खड्डा आहे, तर दुसरीला गालाच्या बाजूने हिरडीला लागून आहे. शिवाय पुढच्या दातांना थंड पाणी लागते. एका दवाखान्यात साध्या सिमेंटचे ८०० रुपये आणि ‘नॅनो फिलिंग’चे २५०० रुपये, असा प्रत्येक दाढेचा दर सांगितला आणि सोबत ‘नॅनो’ टूथपेस्ट लिहून दिली. हे कण रक्तात जातात असे नात्यातील कोणी सांगितल्यामुळे आपण थांबला आहात. तीच पेस्ट सात वर्षांच्या मुलीला चालेल का आणि सगळ्यांना घेऊन पुण्याला जावे का, असेही आपण विचारले आहे.

मी अमळनेरला तेवीस वर्षे दातांचा दवाखाना चालवतो आणि गेली पंधरा-सोळा वर्षे नॅनोकणांचे फिलिंग नियमित वापरतो. त्यामुळे हे तंत्र खरे की खोटे, एवढ्यापुरते उत्तर हवे असेल तर ते खरे आहे. मात्र आपल्यापुढचा प्रश्न मला वेगळा वाटतो. दोन दाढांमागे मिळून ३४०० रुपये जास्त मोजल्यावर आईंच्या तोंडात नेमके काय वेगळे होणार आहे, हे आपल्याला कोणीच सांगितलेले नाही. त्याचे उत्तर दोन्ही दाढांसाठी सारखे नाही. कीड किती खोल गेली आहे, ती नसेपर्यंत पोहोचली आहे का, हिरडीतून रक्त येते का आणि साखर किती आटोक्यात आहे, यावर बरेच अवलंबून आहे. तोंड न पाहता, एक्स-रे न काढता यांतील काहीही ठामपणे सांगणे मला योग्य वाटत नाही. मी कसा विचार करतो ते सांगतो, म्हणजे तुमच्या डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला त्याचा उपयोग होईल.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. डोक्याचा एक केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा. हे माप दाताला परके नाही. दाताचे वरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजाचे असते आणि ते खनिज हायड्रॉक्सिॲपेटाइट नावाच्या लांबट, अतिसूक्ष्म स्फटिकांनी रचलेले असते. त्या स्फटिकांची जाडी १०० नॅनोमीटरच्या आतच भरते. कीड लागते तीसुद्धा याच पातळीवर. जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, दातालगतचा सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली उतरला की स्फटिक विरघळू लागतात, आणि लाळेने तो पुन्हा वर आणला की काही खनिज परत बसते. ही देवघेव दिवसभर चालू असते. ज्या मापात दात घडतो आणि झिजतो त्याच मापाचे साहित्य वापरून पाहावे, हा विचार म्हणूनच मुळात शास्त्रशुद्ध आहे.

आता फिलिंगकडे येतो. दातरंगी फिलिंगसाठी जो माल वापरतात त्याला कंपोझिट म्हणतात. अमेरिकेतील राफेल बोवेन यांच्या १९६२ सालच्या पेटंटमधील रेझिनवर हे साहित्य आजही बऱ्याच अंशी उभे आहे. त्यात एक घट्ट, चिकट रेझिन असते आणि त्यात काच, क्वार्ट्झ किंवा सिलिका यांची पूड मिसळलेली असते. सुरुवातीच्या मालात ही पूड जाड होती. आपल्याकडचा गावरस्ता दोन पावसाळ्यांनंतर जसा होतो, म्हणजे डांबर झिजते आणि खडी वर येते, तसेच त्या फिलिंगचे होत असे. मधले रेझिन झिजायचे, कण उघडे पडायचे, जिभेला खरखर लागायची आणि त्या खरखरीत चहा-तंबाखूचे डाग बसायचे. पुढे सुमारे ४० नॅनोमीटरच्या सिलिकेचा माल आला. त्याला ‘मायक्रोफिल’ म्हणत, पण मापाने पाहिले तर ते नॅनोकणच होते. ‘नॅनो’ हा शब्द डबीवर यायच्या कितीतरी आधी ते लोकांच्या दातांत होते. त्याला चकाकी उत्तम यायची. मात्र इतकी बारीक पूड रेझिनमध्ये फार मिसळता येत नाही, माल लवकर घट्ट होतो, त्यामुळे पूड कमी पडायची आणि दाढेवरचा भार त्याला सोसत नसे.

ही अडचण २००२ मध्ये आलेल्या थ्रीएम कंपनीच्या फिल्टेक सुप्रीमसारख्या मालाने बरीचशी सोडवली. त्यात सुटे नॅनोकण असतात आणि त्याच कणांचे घट्ट बांधलेले घोसही असतात. घोसांमुळे पूड भरपूर मिसळता येते. त्याच मालिकेतील झेड ३५० एक्सटी या मालात ती वजनाने सुमारे ७८ टक्के आहे. झीज होते तेव्हा घडातून एकेक केळे निघावे तसा एकेक कण निघतो, सगळा घड एकदम निखळत नाही, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. दुसरा फायदा रंगाचा आहे. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. त्याहून खूप लहान कण प्रकाश फारसा विखुरत नाहीत, त्यामुळे फिलिंगला खऱ्या दातासारखी पारदर्शक झाक देता येते. तुटलेल्या पुढच्या दाताला मी हा माल लावतो, शेवटी पॉलिश करतो आणि ओला दात दिव्याखाली धरून पाहतो, तेव्हा जोड कुठे आहे हे मलाच शोधावे लागते. पुढच्या दातांसाठी नॅनो कंपोझिटचे पैसे देताना मी कोणालाही कचरू नका असेच सांगेन.

दाढेच्या बाबतीत मात्र थोडे थांबून विचार करायला हवा. एक तर ‘नॅनो’ हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने लिहिलेला नसतो. पूर्णपणे नॅनोकणांचा माल वेगळा आणि ‘नॅनोहायब्रिड’ वेगळा. दुसऱ्यात नेहमीची मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) मापाची काचपूडच मुख्य असते आणि तिच्या जोडीला काही नॅनोकण घातलेले असतात. हे काही वाईट नाही, पण एका ‘नॅनोहायब्रिड’चे गुण दुसऱ्यात असतीलच असे नाही. दुसरे म्हणजे, दाढांमध्ये भरलेल्या नॅनो आणि साध्या हायब्रिड (म्हणजे लहान-मोठ्या काचपुडीच्या) कंपोझिटची काही वर्षांनी तुलना केली तेव्हा टिकण्याच्या दृष्टीने दोघांत लक्षणीय फरक आढळलेला नाही. चकाकी जास्त राहते, झीज थोडी कमी होते, पण दाढेचे फिलिंग सहसा चकाकी गेली म्हणून बदलावे लागत नाही. ते काठातून पुन्हा कीड लागल्यामुळे किंवा तुटल्यामुळे बदलावे लागते.

कीड पुन्हा लागते ती जोडापाशी, आणि माझ्या दृष्टीने सगळी मेख इथेच आहे. कंपोझिट दाताला आपोआप चिकटत नाही. आधी सौम्य आम्लाने दाताचा पृष्ठभाग तयार करावा लागतो, मग बाँडिंगचा पातळ द्रव लावावा लागतो. तो डेंटिनमधील, म्हणजे इनॅमलखालच्या थरातील, कोलॅजन या प्रथिनाच्या जाळीत शिरून घट्ट होतो. जपानचे नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये वर्णन केलेला हा मिश्र थर काही मायक्रॉनचाच असतो आणि अख्खे फिलिंग त्याच्या जिवावर उभे असते. जाळी जर नीट भरली नाही, तर वरून अगदी घट्ट बसलेल्या फिलिंगखालीसुद्धा नॅनोमीटरच्या मापाच्या पोकळ्या राहतात आणि त्यांतून पाणी झिरपते. सानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या झिरपण्यालाच ‘नॅनोलीकेज’ असे नाव दिले. म्हणजे नॅनोच्या मापात आपला फायदा आहे तसा धोकाही आहे, आणि तो धोका डबीतील माल बदलून टळत नाही. बाँडिंग करताना खड्ड्यात लाळेचा किंवा रक्ताचा एक थेंब उतरला, तरी जोड बिघडतो.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण मला ते पटले एका आजींमुळे. बरीच वर्षे झाली. कापूस वेचणीचा हंगाम होता, त्यांना पुन्हा पुन्हा येणे शक्य नव्हते. ‘दातले थंड पानी लागस’ एवढीच त्यांची तक्रार. खालच्या शेवटच्या दाढेला हिरडीच्या खाली गेलेला खड्डा होता आणि हिरडी सुजलेली होती. मी नुकताच नॅनो कंपोझिट घेतला होता, त्यांच्यासाठी चांगल्यात चांगले करावे या भावनेने तोच भरला. कापसाचे बोळे सारखे लाल होत होते, मी ते बदलत राहिलो आणि काम पुरे केले. दिसायला फिलिंग सुंदर झाले होते. आठ महिन्यांनी आजी परत आल्या आणि त्यांनी पदराच्या गाठीतून ते फिलिंग काढून माझ्या हातावर ठेवले. वरची बाजू अजूनही चकचकीत होती. उलटून पाहिले तर हिरडीकडच्या काठाला तपकिरी, मऊ थर चिकटलेला होता. माल उत्तम होता, जागा त्याच्यासाठी नव्हती, आणि तो निर्णय माझा चुकला होता. ती दाढ पुढे रूट कॅनॉलपर्यंत गेली. तेव्हापासून मी आधी खड्डा कोरडा ठेवता येईल का ते पाहतो आणि मगच माल निवडतो.

हा विचार आईंच्या दोन दाढांना लावून पाहा. वरून खड्डा असलेल्या दाढेला चारही बाजूंनी इनॅमलचा काठ शिल्लक असेल आणि कीड नसेपासून दूर असेल, तर कंपोझिट हा चांगला पर्याय आहे. ते नॅनो असो वा चांगल्या कंपनीचे साधे हायब्रिड असो, दाढेवर रबर डॅम लावून, म्हणजे रबराच्या पातळ पडद्याने ती दाढ लाळेपासून वेगळी करून काम होणार असेल, तर माझी हरकत नाही. आईंना बट्टी, शेंगदाणे, कळण्याची भाकरी त्याच बाजूने चावायची असेल, तर ताकदीच्या दृष्टीने साध्या सिमेंटपेक्षा कंपोझिटच बरे. हिरडीलगतच्या दाढेसाठी मी बहुधा ग्लास आयनोमर निवडेन. ज्याला सगळे ‘साधे सिमेंट’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असते. विल्सन आणि केंट यांनी १९७२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक जोड करते, थोडा ओलावा सोसते आणि सावकाश फ्लोराइड सोडत राहते. मधुमेहात अनेकांचे तोंड कोरडे पडते आणि लाळ कमी असलेल्या तोंडात हिरडीलगतची कीड लवकर परतते, त्यामुळे ते फ्लोराइड तिथे उपयोगी पडते. दिसायला ते थोडे फिकट, निस्तेज असते, पण खालच्या मागच्या दाढेत ते कोणाला दिसणार आहे? या दाढेसाठी २५०० रुपये मोजण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

दराबद्दलही मोकळेपणाने सांगायला हवे. कंपोझिटची सिरिंज साधारण ४ ग्रॅमची असते आणि मध्यम खड्ड्याला त्यातील पाव ग्रॅमच्या आसपास माल लागतो. नॅनो आणि साधा हायब्रिड यांच्या किमतीतील फरक एका दाढेवर वाटला तर तो दरातील फरकापेक्षा बराच कमी भरतो. उरलेला पैसा वेळेचा असतो, आणि तो रास्तही असू शकतो. नीट कंपोझिट भरायचे तर माल एकदम कोंबून चालत नाही. साधारण २ मिलिमीटरचा एकेक थर देऊन प्रत्येक थर निळ्या दिव्याने पक्का करावा लागतो, कारण प्रकाश त्याहून खोल पुरेसा जात नाही आणि माल घट्ट होताना थोडा आकसतो. रबर डॅम, बाँडिंग, थर, चावा जुळवणे आणि पॉलिश हे सगळे धरून मला एका दाढेला चाळीस-पन्नास मिनिटे लागतात. तेवढा वेळ दिला जात असेल तर पैसे योग्य आहेत. दहा मिनिटांत नॅनो फिलिंग उरकले जात असेल, तर आपण फक्त नावाचे पैसे देतो आहोत.

आपल्या भागात याला हवामान आणि विजेचीही जोड आहे, आणि ही बाब क्वचितच बोलली जाते. बहुतेक कंपोझिट २५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवावे अशी सूचना असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी वीज गेली की बंद दवाखान्यातील कपाट तव्यासारखे तापते. मी उन्हाळ्यात सिरिंज फ्रिजमध्ये ठेवतो आणि काम सुरू होण्याच्या तासभर आधी बाहेर काढतो, कारण गार माल ताठ असतो आणि खड्ड्याच्या कोपऱ्यात नीट बसत नाही. बाँडिंगच्या द्रवात अल्कोहोल किंवा ॲसिटोन असते. बाटलीचे झाकण क्षणभर उघडे राहिले तरी आमच्या उन्हाळ्यात ते उडायला लागते आणि द्रव दाट होतो. निळ्या दिव्याचा जोर दर आठवड्याला छोट्या मीटरवर तपासतो, कारण बॅटरी म्हातारी झाली किंवा टोकाला वाळलेले रेझिन चिकटले की डोळ्याला दिवा तसाच दिसतो, पण माल आतून कच्चा राहतो. कच्चा राहिलेला नॅनो माल हा पक्क्या झालेल्या साध्या मालापेक्षा वाईटच.

आता थंड लागण्याकडे वळतो. इनॅमल झिजले किंवा हिरडी खाली सरकली की डेंटिन उघडे पडते. डेंटिनमध्ये साधारण १ ते ३ मायक्रॉन रुंदीच्या असंख्य नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. थंड पाण्याने तो द्रव हलला की आतली नस कळ देते. वर्षानुवर्षे मिसरी घासल्याने दातांच्या मुळाशी जी खाच पडते, ती अशा उघड्या डेंटिनचे आपल्याकडचे नेहमीचे कारण आहे. हायड्रॉक्सिॲपेटाइटचे नॅनोकण असलेली पेस्ट या नलिकांच्या तोंडाशी जाऊन बसते आणि त्या बुजवते. कल्पना सरळ आहे आणि काही आठवड्यांत बऱ्याच रुग्णांना आराम पडतो, हे मीही पाहिले आहे. जपानमध्ये सांगी कंपनीने अशी पेस्ट १९८० मध्ये आणली आणि १९९३ मध्ये तिथल्या सरकारने या घटकाला कीडरोधक म्हणून मान्यता दिली. तेव्हा आईंना ती पेस्ट लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी काही वावगे केलेले नाही. मात्र पोटॅशियम नायट्रेट असलेली जुनी, स्वस्त पेस्टही अनेकांना पुरते. दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने, चार आठवडे नेमाने वापरून पाहा, आणि मगच महाग पेस्टचा विचार करा. दोन्ही पेस्टना एक मर्यादा आहे: खाच खोल असेल तर ती भरावीच लागते. कैरीचे पन्हे, लिंबू, चिंच असे आंबट घेतल्यावर लगेच ब्रश करू नये, अर्धा तास थांबावे, कारण त्या वेळी पृष्ठभाग मऊ झालेला असतो.

रक्तात कण जाण्याच्या भीतीबद्दल मी आपल्या नातेवाइकांना चूक ठरवणार नाही, कारण ही शंका शास्त्रज्ञांनीही गांभीर्याने घेतलेली आहे. फक्त सगळे नॅनोकण एकाच माळेत ओवू नयेत. हायड्रॉक्सिॲपेटाइट गिळले गेले तरी जठरातील आम्लात विरघळते आणि त्याचे कॅल्शियम व फॉस्फेट होते. युरोपीय संघाच्या ग्राहकसुरक्षाविषयक शास्त्रीय समितीने २०२३ मध्ये टूथपेस्टमध्ये १० टक्क्यांपर्यंत ते सुरक्षित मानले, पण सुईसारख्या आकाराचे कण त्यातून वगळले. म्हणजे एकाच पदार्थाचा आकार बदलला तर मतही बदलते. टायटॅनियम डायऑक्साइडची गोष्ट वेगळी आहे. पांढरेपणासाठी वापरले जाणारे हे द्रव्य युरोपने २०२२ मध्ये अन्नपदार्थांतून बंद केले, कारण त्यापासून जनुकांना इजा होण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येईना. चांदीचे नॅनोकण जिवाणू मारतात हे खरे, पण ते पेशींनाही मात्रेनुसार त्रास देऊ शकतात. रोज घरी घासायच्या ब्रशमध्ये किंवा पेस्टमध्ये त्यांची गरज मला वाटत नाही. फिलिंगमध्ये कण घट्ट झालेल्या रेझिनमध्ये अडकलेले असतात, त्यामुळे रोजच्या चावण्यातून निघणारे प्रमाण अत्यल्प असते.

खरी काळजी घ्यायची वेळ असते ती फिलिंग घासताना आणि जुने फिलिंग काढताना. त्या धुळीत श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाऊ शकतील इतके बारीक कण असतात, आणि हे साध्या कंपोझिटच्या बाबतीतही खरे आहे. रुग्ण त्या खुर्चीवर वर्षातून एकदा बसतो. मी आणि माझ्या सहायक ताई रोज आठ तास तिथे असतो. म्हणून आम्ही कोरडे घासत नाही, पाण्याचा फवारा चालू ठेवतो, मोठे सक्शन दाढेच्या अगदी जवळ धरतो, एन-९५ मास्क लावतो आणि खिडकी उघडी ठेवतो. मुखपट्टीवर साचलेली ती पांढुरकी पूड पाहिली की या खबरदारीचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

मुलीबद्दल माझे मत अधिक ठाम आहे. सात वर्षांच्या मुलीला साधी, १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घ्या, आणि घासल्यावर तिला थुंकायला लावा. फ्लोराइडने कीड कमी होते याचा पुरावा अनेक दशकांचा आहे. नॅनो हायड्रॉक्सिॲपेटाइटवर मुलांमध्ये झालेले काही अभ्यास आशादायक आहेत, पण तो पुरावा अजून तुलनेने लहान आहे. तुमच्या घरी बोअरचे पाणी पीत असाल तर ते एकदा तपासून घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते; ते त्याहून जास्त निघाले तर मुलीच्या पेस्टचा निर्णय डॉक्टरांना पाणी-अहवाल दाखवून घ्या. तिच्या पहिल्या पक्क्या दाढा आता आलेल्या असतील. त्यांच्या खाचा खोल असतील तर सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप, लावून घ्या. केळीचे वेफर्स आणि बिस्किटांचा चोथा नेमका त्या खाचांत बसतो, तेव्हा तिच्यासाठी पैसे खर्च करायचे असतील तर ते इथे करावेत.

या क्षेत्रात याहून पुढचे बरेच काही चालू आहे. दुधातील केसीनपासून तयार केलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे सूक्ष्म पुंज दातावरच्या पांढऱ्या डागांसाठी मी वापरतो, मात्र दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांना ते देत नाही. इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाच्या, पृष्ठभागावर नॅनोरचना करून हाड लवकर जुळावे असे प्रयत्न बाजारात आलेले आहेत. साखर आटोक्यात नसेल किंवा तंबाखू चालू असेल तर त्या पृष्ठभागाचा फायदा फार उरत नाही. ब्राझीलमध्ये शाळकरी मुलांच्या किडलेल्या दातांवर नॅनो-चांदी आणि फ्लोराइडचे द्रावण लावून पाहिले गेले. नेहमीच्या सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडने कीड थांबते पण दात काळा पडतो, या द्रावणाने तो तसा पडत नाही, म्हणून आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी मला त्याची फार आशा वाटते. आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अंबरीश घोष यांच्या गटाने तिथल्या थेरानॉटिलस या नवउद्योगाबरोबर, लोहाचा लेप दिलेले सिलिकेचे सूक्ष्म यंत्रमानव चुंबकीय क्षेत्राने डेंटिनच्या नलिकांत सुमारे २ मिलिमीटर आत नेऊन तिथले जिवाणू उष्णतेने मारून दाखवले. हे काम २०२२ मध्ये जाहीर झाले. रूट कॅनॉल पुन्हा बिघडतो तो बहुधा अशाच खोल लपलेल्या जिवाणूंमुळे, त्यामुळे हे काम मोलाचे आहे. पण ते काढलेल्या दातांवर आणि उंदरांवर झाले होते. दवाखान्यात हे आज करून देतो असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

पुण्याला जाण्याची गरज या दोन दाढांसाठी मला वाटत नाही. कंपोझिट भरणारे चांगले डॉक्टर अमळनेर, धुळे, जळगाव इथे आहेत आणि धुळ्याला दंत महाविद्यालयही आहे, तिथे खर्च कमी येतो. जिथे जाल तिथे चार गोष्टी विचारा: एक्स-रेमध्ये कीड नसेपासून किती दूर दिसते, दाढ कोरडी कशी ठेवणार, किती वेळ लागेल, आणि मालाचे नाव व वापरण्याची शेवटची तारीख काय. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. मला तरी असे विचारणारा मुलगा आवडतो. जाण्यापूर्वी आईंचा एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) करून तो कागद सोबत घ्या. हिरडी सुजलेली असेल तर आधी दात साफ करून घ्या, आठ-दहा दिवसांनी रक्त येणे थांबले की मग हिरडीलगतची दाढ भरा.

आणि एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. आईंनी बरीच वर्षे मिसरी लावली आहे. फिलिंग कोणतेही घ्या, पण त्याच दिवशी डॉक्टरांना गालाची आतली बाजू, हिरडी आणि जिभेच्या कडा व खालची बाजू उजेडात नीट पाहायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणे यांपैकी काही असेल, तर दाढा महिनाभर थांबल्या तरी चालतील, त्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.